पडद्याचे कापड : खोली पाहून की खिडकी पाहून?

गेल्या अंकात घराच्या रंगकामाविषयीच्या एका उत्तरात पडद्यांचा ओझरता उल्लेख झाला आणि त्यानंतर आलेली निम्म्याहून अधिक पत्रे पडद्यांच्या कापडाचीच निघाली. दिवाळीची खरेदी तोंडावर आली आहे, तेव्हा यंदाचे सदर याच विषयाला दिले आहे. बहुतेक वाचकांनी 'हॉलला कोणते कापड, बेडरूमला कोणते' अशा पद्धतीने विचारणा केली आहे. खोलीचे नाव ऐकून कापड सांगणे मला जमत नाही, कारण दोन घरांतले दोन दिवाणखाने एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. त्या खिडकीतून ऊन केव्हा येते, पाऊस येतो की फोडणीचा धूर, रस्ता किती जवळ आहे, आणि पडदा उतरवून धुण्याचे काम घरात कोण करणार आहे, एवढे कळले की कापडाची निवड बरीचशी आपोआप होते. पुढील उत्तरे त्याच धोरणाने दिली आहेत.

ठाण्यात नवीन फ्लॅट घेतला आहे. दिवाणखान्याची मोठी सरकती खिडकी पश्चिमेला, एक शयनगृह पूर्वेला आणि दुसरे उत्तरेला आहे. दुकानदार म्हणतात, सगळीकडे एकच कापड घेतल्यास भावात सूट मिळेल आणि घरही एकसारखे दिसेल. त्यांनी दाखवलेले कापड रेशमासारखे चमकदार आहे. घ्यावे का?

प्रथम ते कापड कशाचे आहे हे विचारा, आणि 'सिल्क फिनिश' या उत्तरावर समाधान मानू नका. चमक रेशमाची असू शकते, व्हिस्कोजची (म्हणजे रेयॉनची) असू शकते आणि पॉलिस्टरचीही असू शकते. तिघांचे उन्हातले आयुष्य मात्र फार वेगळे असते. नमुन्याच्या कडेचे दोन-चार धागे मागून घ्या, घरी ते चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती आणि व्हिस्कोजचा धागा कागदासारखा भुरभुर जळतो आणि मागे मऊ राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि टोकाची काळी गाठ बोटांनी चुरडता येते. पॉलिस्टर मात्र आक्रसून वितळते आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो, जो नखाने दाबूनही फुटत नाही. मिश्र धाग्यात ही लक्षणे सरमिसळ होतात, तरीही पॉलिस्टर असल्याचा सुगावा लागतोच.

तुमच्या पश्चिमेच्या खिडकीला खरे रेशीम लावू नये, असे मी निःसंकोच सांगेन. रेशमाचा धागा उन्हात केवळ विटत नाही, तो कमजोर होतो. काचेमुळे अतिनील किरणांचा एक भाग अडतो, पण उरलेला आत येतोच, आणि काही उन्हाळ्यांनंतर चुण्यांच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे जेथे ऊन सर्वांत जास्त पडते तेथे, उभ्या चिरा पडू लागतात. व्हिस्कोज स्वस्त आणि पडायला सुंदर असते. परंतु ते ओले झाल्यावर अशक्त होते, धुतल्यावर आटते आणि जड पडदा असेल तर हळूहळू लांबतो. दुकानदाराने दाखवलेले कापड पॉलिस्टर निघाले, तर या एका खिडकीसाठी ती चांगली बातमी समजावी, कारण काचेमागच्या उन्हाला पॉलिस्टर नेहमीच्या घरगुती कापडांत सर्वांत चिवटपणे तोंड देते. सुती कापडच हवे असेल, तर घट्ट विणीचे, फिकट रंगाचे घ्या आणि त्याला पांढरे अस्तर लावा. अस्तर मूळ कापडाला चारी बाजूंनी शिवून टाकू नका. फक्त वरच्या पट्टीत अडकवा, म्हणजे उन्हाचा मार अस्तर खाईल आणि ते विरले की पडदा तसाच ठेवून अस्तर तेवढे बदलता येईल. वनस्पतिजन्य वा हळदीच्या रंगात रंगवलेली हातछपाईची कापडे मोहक दिसतात, पण हळदीचा पिवळा उन्हात फार लवकर उडतो. ती या भिंतीला नकोत.

उत्तरेच्या खोलीत मात्र तुमची हौस भागवून घ्या. मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस सूर्य मुंबई-ठाण्याच्या जवळजवळ डोक्यावरून जातो आणि त्या दरम्यान उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ थोडे तिरपे ऊन येते. एरवी वर्षभर तेथे बहुतेक उजेडच असतो, ऊन फारसे नसते. रेशीम, टसर, गडद निळा किंवा लाल रंग, जे काही नाजूक म्हणून टाळावेसे वाटते, ते येथे टिकते. पूर्वेच्या शयनगृहात सकाळचे ऊन लवकर येते आणि लवकर सरते, त्यामुळे मध्यम जाडीचे सुती कापड पुरे. उशिरा उठणारी मंडळी असतील तर अस्तर लावावे.

राहिली गोष्ट एकसारखेपणाची. तीन खोल्या एका वेळी कोणी पाहत नाही. रंगाचे कूळ एक ठेवून कापड बदलले तर घर विस्कळीत दिसत नाही. सवलतीचे पैसे वाचले तरी पश्चिमेचे पडदे लवकर बदलावे लागले तर ती बचत टिकत नाही.

आम्ही नागपूरला राहतो. उन्हाळ्यात खोली थंड राहावी म्हणून जाड, गडद पडदे लावले आहेत आणि कूलर चालवतो, तरीही खोलीत गुदमरल्यासारखे होते. कापड बदलावे का?

कापडाइतकाच दोष पडदा लावण्याच्या पद्धतीत आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो. ती हवा ओलसर होऊन आत आली की तिला दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी बंद आणि तिच्यावर जाड पडदा असेल, तर ओल खोलीतच साठते, घाम वाळत नाही आणि कूलर रात्रभर चालूनही उपयोग होत नाही. म्हणून कूलरच्या समोरच्या खिडकीला विरळ विणीचे सुती कापड लावा, म्हणजे खिडकी थोडी उघडी ठेवता येईल आणि आडही राहील. मांजरपाट किंवा हातमागाचे पातळ कापड यासाठी उत्तम. जी खिडकी दुपारी तापते आणि जिच्यातून हवा घ्यायची नाही, तेथे जाड कापड ठेवा, पण त्याची काचेकडची बाजू पांढरी असू द्या. गडद कापड ऊन शोषून स्वतःच तापते आणि ती उष्णता खोलीतच सोडते.

खरे तर काचेतून आत आलेले ऊन कोणताही पडदा पूर्णपणे परतवू शकत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी बांबूच्या चिका आणि वाळ्याच्या ताट्या खिडकीबाहेर बांधल्या, त्यामागे हाच विचार होता. वाळ्याची ताटी विदर्भात चालते, कारण एप्रिल-मे महिन्यांत तेथील हवा कोरडी असते आणि पाणी झपाट्याने उडते; मुंबईच्या नातेवाइकांनी हाच प्रयोग केला तर त्यांच्या पदरी वासापलीकडे काही पडत नाही. आतल्या पडद्यावर पैसे घालण्याआधी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक बांधून पाहा.

रत्नागिरीजवळ समुद्रापासून थोड्या अंतरावर आमचे घर आहे. दर पावसाळ्यात सुती पडद्यांवर काळे ठिपके पडतात, कुबट वास येतो. सगळे म्हणतात, पॉलिस्टर लावा. पण ते कापड डोळ्यांना बरे वाटत नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात बाराही महिने एकच पडदा टांगून ठेवणे हीच मुळात अडचणीची गोष्ट आहे. काळे ठिपके बुरशीचे असतात. बुरशीला ओल आणि अन्न दोन्ही लागतात, आणि सुती पडद्यात तिला दोन्ही मिळतात. कापूस हवेतली ओल सहज धरतो. वस्त्रोद्योगात मोजमापासाठी ठरलेल्या 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी सामावतो, लिनन त्याहूनही जास्त, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याच्या आत. जुलैमध्ये तुमच्याकडची आर्द्रता 90 च्या पुढे जाते, तेव्हा सुती पडदा हाताला कोरडा लागला तरी आतून ओलाच असतो. शिवाय कापूस हा बुरशीचे खाद्य आहे आणि त्यावर खळ असेल तर काही विचारायलाच नको. पडदे कडक दिसावेत म्हणून कांजी करण्याची सवय कोकणात तरी सोडून द्यावी. त्याच खळीवर कसरही येते. पॉलिस्टरवरही बुरशी दिसते, मात्र ती त्यावरच्या धुळीवर आणि मेणचट थरावर वाढते, धागा खात नाही, म्हणून धुतली की बहुधा निघून जाते.

तरीही तुमची सुती कापडाची आवड मला पटते. दोन जोड करणे हा त्यावर उपाय आहे. गणपती होऊन आश्विनाचे कडक ऊन पडले की सुती पडदे चढवावेत, आणि मेअखेरीस, पहिला पाऊस येण्यापूर्वी, ते उतरवून, धुऊन, खळ न करता, उन्हात कडकडीत वाळवून सुती चादरीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण उरलीसुरली ओल तिच्यात कोंडून राहते. पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी पातळ पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-सुती मिश्र कापडाचा साधा, अस्तर नसलेला जोड ठेवावा. तो सुंदर दिसण्याची अपेक्षा नाही. एका रात्रीत पंख्याखाली वाळणे हेच त्याचे काम. मखमल आणि दुहेरी कापडे तुमच्या घरात आणूच नका.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येते आणि ते कापडावर बसते. मीठ स्वतः ओल ओढून घेते, म्हणून तुमचे पडदे फेब्रुवारीतही संध्याकाळी चिकट लागत असतील. साबणाशिवाय नुसत्या गोड्या पाण्यातून पडदे अधूनमधून काढले तर हा चिकटपणा जातो. त्याच मिठाने लोखंडी हुक आणि स्वस्त रिंगा गंजतात आणि पडद्याच्या वरच्या पट्टीवर तपकिरी वर्तुळे उमटतात. हुक पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, अथवा कापडाचेच लूप शिवावेत. दांडी भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असावी, कारण पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि तिला टेकलेला पडदा सर्वांत आधी काळवंडतो. पडलेले ठिपके पांढऱ्या सुती कापडावर असतील तर पातळ केलेल्या ब्लीचने जातात; रंगीत कापडावर ते ब्लीच वापरू नये, ऑक्सिजन ब्लीच कोमट पाण्यात वापरून पाहावे, आणि तेही आधी कोपऱ्यावर. काळे ठिपके जुने होऊन धाग्यात मुरले असतील तर ते जात नाहीत.

स्वयंपाकघरातली खिडकी गॅसच्या ओट्याला लागूनच आहे. तेथे कोणते कापड न पेटणारे आणि सहज धुता येणारे असेल? देवघराच्या कोनाड्यालाही छोटा पडदा लावायचा आहे.

गॅसशेजारच्या खिडकीला कोणतेही कापड लावू नका. सुती कापड भडकन पेटते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचे जळते थेंब अंगाला चिकटतात, जी जखम अधिक वाईट. खिडकीतून आलेल्या वाऱ्याने पडदा शेगडीकडे झुकायला एक क्षण पुरतो. आड हवी असेल तर खालच्या अर्ध्या काचेला दुधी फिल्म चिकटवा आणि डासांसाठी धातूची जाळी बसवा. ओट्यापासून दूर असलेल्या दुसऱ्या खिडकीला पातळ, पांढरे किंवा चौकडीचे सुती कापड चालेल, तेही फक्त खिडकीच्या खालच्या निम्म्या भागाला. पॉलिस्टर येथे टाळावे, कारण तेलाचा वास आणि तुपकटपणा तो धागा धरून ठेवतो, तर सुती कापड गरम पाण्यात सोड्याबरोबर उकळून निघते.

देवघरापुढेही हाच नियम लागू करा. निरांजन आणि समई जेथे रोज लागते, तेथे लोंबते कापड नको. दोन छोटी लाकडी दारे बसवून घ्या. परंपरेने चालत आलेला पडदाच हवा असेल तर तो दिवा शांत झाल्यावरच ओढावा आणि सुतीच असावा.

सासूबाईंच्या बऱ्याच साड्या आहेत : नऊवारी, इरकली, काही रेशमी, काही सिंथेटिक. त्यांची आठवण म्हणून पडदे शिवायचे आहेत. कोणती साडी कोठे वापरावी आणि किती खिडक्या होतील? (पुणे)

हे पत्र वाचून फार बरे वाटले, कारण साडी हे पडद्यासाठी जणू मापानेच बेतलेले कापड आहे. साडीचे काठ लांबीच्या दोन्ही कडांना असतात. ती आडवी कापून तुकडा उभा टांगला की डाव्या-उजव्या बाजूंना वरपासून खालपर्यंत काठ येतात, कडा दुमडाव्या लागत नाहीत, जोडशिवण लागत नाही. उभे धागेही उभेच राहतात, त्यामुळे कापड वजनाने वाकडे होत नाही. काठ खाली यावा म्हणून साडी आडवी टांगण्याचा मोह होतो. मग उंची पन्ह्याएवढीच, म्हणजे 45 इंचांच्या आसपास मिळते, आणि ती फार थोड्या खिडक्यांना पुरते.

हिशोब असा मांडावा. चार फूट बाय चार फूट खिडकी धरली, तर वर सहा इंच, खाली सहा इंच आणि दुमडीसाठी दहा इंच मिळून एका झडपेला, म्हणजे पडद्याच्या एका पल्ल्याला, 70 इंच लांबी लागते. दोन झडपांना 140 इंच, म्हणजे साधारण साडेतीन मीटर. सहावारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते. तिच्यात एक खिडकी होऊन पदराचा भाग उशीच्या अभ्र्यांना उरतो. नऊवारी, म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर धरली, तर तिच्यातून दोन खिडक्यांच्या चारही झडपा निघतात. दोन झडपांचा एकूण पन्हा 90 इंच होतो. साडेचार फुटांच्या दांडीवर तो दीडपटीहून थोडा अधिक पडतो. नव्या कापडाला एवढ्या चुण्या कमी वाटतील, पण साडीचे काठ आणि बुट्टे दिसावेत म्हणून मला त्या कमी चुण्याच बऱ्या वाटतात.

कापण्यापूर्वी प्रत्येक साडी खिडकीसमोर उजेडात धरून पाहा. निऱ्यांचा भाग आणि पायाशी घासलेली कड विरलेली असते. उजेड जेथे जाळीसारखा दिसेल, तेथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. धागे सरकले तर तो भाग झडपेत घेऊ नका. सुती नऊवारी वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेली असते आणि तिला आता आटण्याची भीती नसते. ती आतल्या खोल्यांना किंवा दोन खोल्यांमधल्या दाराला लावावी. इरकलीची जागाही तेथेच. रेशमी साड्यांविषयी जपून राहा : घडीवर वर्षानुवर्षे ठेवलेले रेशीम नेमके घडीच्या रेषेवर फाटते, आणि जरीच्या काठांचे वजन त्याला झेपत नाही. त्यातही टिकून राहिलेली एखादी असेल तर मागे सुती अस्तर लावून ऊन न येणाऱ्या भिंतीवर टांगा. पैठणी असेल तर ती कापूच नका.

आणि ज्या सिंथेटिक साड्यांना घरात कोणी विचारत नाही, त्याच पश्चिमेच्या खिडकीत सर्वांत जास्त टिकतील. त्यांचे ठळक छपाईचे रंग उजेडातून पाहिले की बरेच सुसह्य होतात.

हिंजवडीत रात्रपाळी करतो. दिवसा झोपण्यासाठी 'शंभर टक्के ब्लॅकआउट' म्हणून पडदे आणले, तरी खोलीत उजेड येतोच. फसवणूक झाली का?

बहुधा नाही; पण कापड तपासून घ्या. या नावाने दोन प्रकारची कापडे विकली जातात. एकात दोन रंगीत थरांच्या मधोमध काळा धागा विणलेला असतो. ते मऊ असते, मशीनमध्ये धुता येते, परंतु उजेड पूर्ण अडवत नाही. मोबाइलचा दिवा मागे धरला की अंधुक ठिपका दिसतो. दुसऱ्यात कापडाच्या पाठीवर फेसाळ लेपाचे थर दिलेले असतात, पांढरा, काळा आणि पुन्हा पांढरा, आणि ते उजेड खरोखर अडवते. त्याची पांढरी पाठ काचेकडे ठेवावी. ते पिळू नये, लेपाच्या बाजूने इस्त्री करू नये. तसे केल्यास लेपाला भेगा पडतात.

दुसऱ्या प्रकारचे कापड असूनही उजेड येत असेल तर तो तीन वाटांनी येतो. शिंप्याने मधोमध शिवण मारली असेल तर सुईच्या छिद्रांची उजळ ओळ दिसेल. त्या शिवणीवर मागून त्याच कापडाची पट्टी चिकटवावी. आयलेटच्या (कापडात बसवलेल्या मोठ्या रिंगांतून दांडी ओवण्याच्या) पडद्यात दांडीच्या वर आणि रिंगांच्या मधून उजेड सांडतो, म्हणून तुमच्यासाठी पेलमेट (दांडी झाकणारी वरची पेटी) किंवा छताला लावलेली पडद्याची सरकपट्टी अधिक योग्य. आणि सर्वांत जास्त उजेड कडांनी येतो. पडदा खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा इंच पुढे जाऊ द्या आणि दांडीची टोके भिंतीकडे वळवून घ्या, म्हणजे कापड भिंतीला टेकेल. एवढे केलेत तर आहे त्याच कापडात फरक जाणवेल.

मुलाला धुळीचा दमा आहे. त्याच्या खोलीत पडदे ठेवावेत की काढून टाकावेत?

त्याच्या डॉक्टरांचे म्हणणे अंतिम माना. पडदा ठेवायचाच असेल, तर तो एकपदरी, गुळगुळीत विणीचा, कमी चुण्यांचा आणि जमिनीपासून वर असावा. धुळीतले किडे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मरतात, म्हणून त्या तापमानाला न आटणारे, न विटणारे पांढरे सुती पॉपलिन उत्तम. मखमल, लोकर, झालरी, आणि जिच्या माथ्यावर धूळ साठते ती पेलमेट, हे सगळे त्या खोलीतून बाहेर जाऊ द्या. पडद्याला ओढण्याच्या लोंबत्या दोऱ्या असतील तर त्याही कापून टाका; लहान मुलांच्या गळ्याला फास बसण्याचा धोका असतो.

रस्त्यालगत घर आहे (मुंबई). जाड पडद्यांनी गाड्यांचा आवाज कमी होईल का?

फारसा नाही. जाड कापड खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषते, त्यामुळे खोली थोडी शांत भासते; बाहेरून येणारा आवाज खिडकीच्या फटींतून येतो. ते पैसे खिडकीची रबरी पट्टी बदलण्यावर खर्च करा.

कोल्हापुरात पडदे शिवून घेणार आहे. सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच खिडकीला दुकानदार सहा मीटर सांगतो, शिंपी नऊ मीटर सांगतो. खरे किती लागेल?

दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, कारण कापडाचा पन्हा आणि नक्षी यांवर सगळे अवलंबून आहे. दोन्ही बाजूंना सहा इंच सोडून दांडी सात फुटांची होईल. चुण्या दुपटीच्या धरल्या तर 14 फूट, म्हणजे 168 इंच रुंदीचे कापड हवे. उंचीला खिडकीचे 54 इंच, वर-खाली मिळून 12, दुमडीला 12 आणि आटण्यासाठी चार, असे 82 इंच धरा. कापडाचा पन्हा 48 इंच असेल तर चार लांब्या लागतील : 328 इंच, म्हणजे साडेआठ मीटर घ्यावे. पन्हा 54 इंच असेल तर तीन लांब्यांत, किंचित कमी चुण्यांवर, भागते आणि सव्वासहा मीटर पुरते. तिसरी लांबी उभी मधोमध फाडून दोन्ही झडपांना अर्धी-अर्धी जोडावी. मात्र कापडावर मोठी नक्षी असेल आणि ती दर 24 इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक लांबी 96 इंचांची कापावी लागेल, नाहीतर दोन झडपांवरची फुले वर-खाली होतील. तेव्हा 48 इंच पन्ह्याला पावणेदहा मीटर लागतात. कण्णूर किंवा करूरच्या हातमागाचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड घेतलेत तर ही नासाडी टळते, कारण उभ्या पट्ट्यांना जुळवणी लागत नाही.

आटण्याचे चार इंच मी अंदाजाने धरले आहेत. सगळे कापड घेण्याआधी पाव मीटर तुकडा विकत घ्या, त्यावर पेन्सिलीने आठ इंचांचा चौकोन आखा, घरी नेहमी धुता तसे धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभ्या बाजूला पाव इंच कमी भरले तर कापड सुमारे तीन टक्के आटते, अर्धा इंच कमी भरले तर सहा टक्के. आकडा मोठा आला तर शिंप्याकडे देण्यापूर्वी अख्खे कापड एकदा पाण्यातून काढून घ्या आणि खालची दुमड त्याला दुहेरी, चार-चार इंचांची ठेवायला सांगा, म्हणजे पुढे आटलेच तर ती उसवून पडदा खाली सोडता येईल.